न बसवता वापरून पाहा

प्रिय वन्सं,

‘दादा कुणावर रागवत नाही गं वहिनी, तो फक्त लक्षात ठेवतो.’ हे तू म्हणालीस तेव्हा माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. मी ताटल्या धूत होते, तू पुसत होतीस, आणि तुझा दादा शेजारच्या खोलीत बाबांच्या शिलाई मशीनला तेल घालत होता. मला वाटलं, बहीण आहे, भावाचं कौतुक करतेय. मी म्हटलं, बरंच झालं, मला काहीच लक्षात राहत नाही, जोडी जमली. तू हसली नाहीस. ताटली पुसून झाली होती तरी पुसतच राहिलीस. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. माणसं ताटली का पुसत राहतात हे कळायचं वय नव्हतं.

‘वन्सं’ म्हटलं की आपण सत्तरीच्या झालो असं वाटतं अशी तुझी तक्रार, म्हणून मुद्दाम लिहिलं. जराशी चिडलेली असलीस की तू नीट वाचतेस. आणि हे पत्र सूचीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितेय याला नाक मुरडू नकोस. वहीची पानं कमी झाली तर ते दिसतं. चिठ्ठ्या मी रोज शेकड्यानं वाया घालवते. सध्या पुलांच्या बांधकामावरच्या एका जाड पुस्तकाची सूची करतेय, त्यामुळे पुढच्या बाजूला ‘भार – पाहा: कमान’ असलं काहीतरी दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. कोपऱ्यात आकडे घातलेत, त्या क्रमानं लाव. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

तू तीनदा विचारलंस, ठरलं का गं एकदाचं लॅपटॉपवर कोणतं घालायचं? तिन्ही वेळा मी ‘बघतेय’ म्हटलं. शेवटी तू वैतागलीस. वहिनी, ही काय सोयरीक आहे का, यंत्र आहे, नाही आवडलं तर पुसून दुसरं घाल. तुझं बरोबर होतं. पण तुमच्या ग्रंथालयात वीस कॉम्प्युटर आहेत आणि त्या सगळ्यांवर तुझं राज्य आहे. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप, आणि त्याच्यावरही मी पाहुणी.

हे पाहुणेपण तू गेल्या वर्षी स्वतः बघितलंस. मला सूचीसाठी एक फॉन्ट हवा होता. प्रकाशनाकडून आला होता, दोनदा क्लिक केलं की बसला असता. पडद्यावर चौकट आली: प्रशासकाचा पासवर्ड टाका. मी तुझ्या दादाला फोन लावला, तो म्हणाला संध्याकाळी आलो की बघतो, आणि मी तोवर भाजी निवडायला बसले. तू म्हणालीस, वहिनी, तू सेहेचाळीस वर्षांची आहेस ना गं? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात होईन. आपण दोघी हसलो, पण तू जाताना दारात माझा हात जरा जास्त वेळ धरलास.

तो वाईट नाही. हे तुला सांगायला नको, पण मला लिहून काढायला हवं आहे. दिवसभर तो उंच इमारतींच्या लिफ्ट तपासत फिरतो. दोर, ब्रेक, दारं, सगळ्याची नोंद. त्यानं ‘ठीक’ लिहिलं की शेकडो माणसं निर्धास्त वर-खाली करतात. असं काम करणारा माणूस घरी येऊन एकदम बेफिकीर कसा होईल? रविवारी सकाळी तो लॅपटॉपवरच्या माझ्या खात्याची आठवड्याची नोंद उघडतो आणि टोस्टला लोणी लावता लावता विचारतो, मंगळवारी पंचवीस मिनिटं पावसाळी बूट बघत होतीस, घ्यायचेत का? आवाजात काही नसतं. खरंच घेऊन देईल. पण मी ‘नको’ म्हणते, आणि पुढच्या आठवड्यात बूट बघत नाही. मग कविता बघितल्या, तर म्हणाला, कविता वाचायला लागलीस, छान. मग कविताही बंद. असं करत करत आता माझ्या नोंदीत पुलांशिवाय काही नसतं. परवा म्हणाला, तुझं बाई सगळं सरळ असतं, तपासायलाही मजा येत नाही.

हे सगळं मी गप्प सोसलं, कारण माझा गुन्हा मोठा होता. तो गुन्हा तुझाच होता, म्हणजे तुझ्याविरुद्धचा. आई गेल्यावर बाबांचा हात थरथरायला लागला आणि पत्रं लिहिणं सुटलं, तेव्हा तुझ्यासाठी ते बोलून ठेवायला लागले. रोज दुपारी शिलाई मशीनवर बसायचे, मी लॅपटॉप उघडून बटण दाबायची, आणि ते पँटची मुडप घालता घालता तुला सांगत राहायचे. तू म्हणाली होतीस, एकेक पाठवू नका, सगळं झालं की एकदम द्या, सुट्टी काढून ऐकेन. एक्केचाळीस रेकॉर्डिंगं झाली आणि बाबा गेले. मग तू म्हणालीस, आत्ता नको, सहा महिन्यांनी. पाचव्या महिन्यात मी प्रकाशनाचं समजून कुठलंसं ईमेल उघडलं, त्यात व्हायरस निघाला. पडदा लाल झाला, सगळं कुलूपबंद, आणि तुझा दादा लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. नऊ दिवसांनी परत आला. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, यंत्र वाचलं, आतलं गेलं.

तू वर्षभर माझ्याशी धड बोलली नाहीस. मग एक दिवस फोन करून म्हणालीस, वहिनी, तू मुद्दाम नाही केलंस, जाऊ दे. ते ‘जाऊ दे’ म्हणताना तुझा आवाज कसा झाला होता ते मी विसरलेले नाही. तुझा दादा तर एक शब्दही बोलला नाही. त्यानं फक्त दोन खाती केली, एक त्याचं, एक माझं, आणि म्हणाला, आता तुला काळजी नको. सात वर्षं झाली. बँक, फोन, घराचे कागद, एकेक करत सगळ्याचीच काळजी मला नकोशी झाली. मी कधी काही मागायला गेले की तो लगेच ‘नाही’ म्हणत नाही. जरासा थांबतो. त्या थांबण्यात बाबा असतात.

आता पेनड्राइव्हबद्दल. तू ग्रंथालयाचं पुस्तक पाठवलंस आणि मागच्या कार्डाच्या खिशात तो सरकवलास, तेव्हा मी आधी तो बाबांच्या बटणांच्या डब्यात लपवला. टपाल तो पट्टीनं उघडतो, पण पुस्तकं चाळत नाही, हे तुला बरं ठाऊक. सोबतची चिठ्ठी पाठ झाली आहे माझी. ‘यात लॅपटॉप चालवणाऱ्या अकरा प्रणाली आहेत. सगळी लिनक्सच, इंजिन एक, गाड्या वेगळ्या. सगळी फुकट आणि उघडी, कुणाच्या मालकीची नाहीत. लॅपटॉप चालू होताना बटण दाबून धर, यादी येईल, एक निवड, आणि न बसवता वापरून पाहा. बंद केलंस की मागमूस राहत नाही. आवडेल ते कायमचं घाल. पासवर्ड तुझा तू ठेव.’ खाली मोठ्या अक्षरांत: ‘फार विचार करू नकोस.’

फार विचार करू नकोस, हे तू सूची करणाऱ्या बाईला सांगतेस.

तो साडेनऊला बाहेर पडला की मी दार लावून बसायची. पहिलं उघडलं ते निळं, नीटनेटकं, आपल्या नेहमीच्या पडद्याच्या जुळ्या बहिणीसारखं. दुसऱ्यात सगळं डावीकडे, जणू कुणी स्वयंपाकघराचे कप्पे रातोरात हलवलेत. तिसरं इतकं देखणं की लॅपटॉपला धाप लागली आणि पंखा ओरडायला लागला. चौथं अगदी हाडकुळं, पण आपल्या म्हाताऱ्या यंत्रावर हरणासारखं पळालं. पाचव्यात काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. मी नमस्कार करून बंद केलं. प्रत्येकाला मी एक चिठ्ठी केली. मराठी अक्षरं नीट जुळतात का, जोडाक्षर फुटतं का, किती वर्षं सुधारणा मिळतील, अडलं तर विचारायला माणसं किती. त्यांच्याबद्दलच्या इंटरनेटवरच्या चर्चाही वाचल्या. कुणी बिचारा विचारतो, मी नवीन आहे, कोणतं घेऊ? की चाळीस जण धावून येतात आणि चाळीस नावं सांगतात, मग एकमेकांच्या उरावर बसतात, आणि तो नवा माणूस पुन्हा दिसत नाही. तो कुठे गेला असेल, याचा मी फार विचार केला.

खरं सांगायचं तर चौथं मला पहिल्याच आठवड्यात आवडलं होतं. तेच घ्यायचं हे मनात ठरलंही होतं. ‘कायमचं बसवा’ वर जायची, ते भाषा विचारायचं, गाव विचारायचं, मग विचारायचं, तुमचं नाव काय. मी माझं नाव लिहायची. माहेरचं लिहिलं एकदा. मग पासवर्ड ठेवा. तोही ठेवायची, आणि कुणी ऐकत नसताना तो पुटपुटून बघायची. मग शेवटची चौकट यायची: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? त्या ‘पुसलं जाईल’पाशी माझं बोट अडायचं. एकदा माझ्या हातून पुसलं गेलं होतं ना. आणि वन्सं, मला हेही कळत होतं की त्या बटणानंतर संध्याकाळ होईल, तो येईल, लॅपटॉप उघडेल आणि जरासा थांबेल. मी सगळं रद्द करायची, पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात टाकायची, आणि पुढचं बघायला घ्यायची. तुला वाटत होतं मी अकरांतून एक निवडतेय. मी एक न निवडण्याची सोय करत होते. रोज तीन तास दुसरीकडे राहून यायचं, बंद करायचं, मागमूस नाही. मला वाटतं, असंच आयुष्यही काढता आलं असतं.

अकरावं मी केवळ यादी पुरी करायची म्हणून उघडलं. तुझ्या यादीत ते शेवटी आहे, पिवळसर, जुन्या वळणाचं. त्यात चालू झाल्या झाल्या पडद्यावर एक डबा दिसला. मला वाटलं, हा तुझा पेनड्राइव्ह, तू आणखी काय भरून पाठवलंयस बघू. उघडला. तो पेनड्राइव्ह नव्हता, लॅपटॉपचीच डिस्क होती. तुला हे अर्थातच माहीत असणार, मला कुणी सांगितलं नव्हतं: बाहेरून आलेली ही प्रणाली घरातली खाती-बिती मानत नाही. तिला त्याचा कप्पा आणि माझा कप्पा सारखाच. मी त्याच्या कप्प्यात उभी होते, आणि कुणी पासवर्ड विचारला नव्हता.

लगेच बंद करायला हवं होतं. मी बंद केलं नाही. सूची करणारीला कप्पे वाचल्याशिवाय राहवत नाही. आणि तुझा दादा तर नावं घालण्यात माझा गुरू. ‘लिफ्ट अहवाल’, ‘विमा’, ‘घर’, आणि त्याखाली ‘दुरुस्तीहून परत’. आत आपले फोटो होते. माझ्या जुन्या सूच्या होत्या, ज्या मी पुन्हा, अर्ध्या रडत, पहिल्यापासून केल्या होत्या. आणि ‘बाबा’ नावाचा कप्पा, त्यात एक ते एक्केचाळीस. तारीख, लॅपटॉप दुरुस्तीहून घरी आला त्याच दिवसाची.

दुरुस्तीवाल्यानं सगळं काढून दिलं होतं, वन्सं. काहीही गेलं नव्हतं.

तू आता जिथे बसली असशील तिथेच बस थोडी.

त्या दिवशी मी एकच ऐकलं, सतरावं. मशीनचा आवाज, मध्येच थांबतो, बाबा दोरा तोडतात दातानं, आणि म्हणतात, छोटे, कोटाचं अस्तर नेहमी कोटापेक्षा जरा सैल कापायचं, नाही तर माणूस हात वर करतो तिथे कोट फाटतो, ऐकतेस ना गं? मग एक बाई हसते. खळखळून, लाजबीज काही नाही, आणि म्हणते, अहो बाबा, ती ग्रंथालयात असते, ती कशाला कोट शिवेल? मी बराच वेळ विचार करत होते, ही कोण? शेजारीण आली होती का त्या दिवशी? तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं की ती मी आहे.

याला एकोणीस दिवस झाले. रोज साडेनऊनंतर एक ऐकते. तुझ्याआधी ऐकतेय याची लाज वाटते, पण थांबवत नाही. आणि रोज संध्याकाळी तो येतो, बूट जागेवर ठेवतो, विचारतो, आज काय विशेष? मी म्हणते, पूल.

मी त्याच्या बाजूनंही विचार करून पाहिला. कदाचित पहिल्या दिवशी त्याला मला थोडं घाबरवायचंच असेल, दोन दिवसांनी सांगू म्हणून. मग दोन दिवसांत मी किती शहाण्यासारखी वागायला लागले ते त्यानं बघितलं असेल. विचारल्याशिवाय काही करत नाही, उलट उत्तर नाही, दार उघडायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघते. घर कसं तपासलेल्या लिफ्टसारखं चालायला लागलं. मग सांगायचा दिवस सरकत गेला असेल, आणि पुढे सांगणंच अवघड झालं असेल. असं मी त्याच्यासाठी रचते, आणि रचून झालं की मला आठवतं, तू वर्षभर माझ्याशी बोलत नव्हतीस तेव्हा तो समोर बसून टोस्टला लोणी लावत होता. एक वाक्य पुरलं असतं. तुझ्यासाठी तरी.

एक गोष्ट मात्र तुला कबूल करते, आणि तुझ्या टोमण्यांचा हिशेब त्यात फिटून जाऊ दे. मी तुझं ऐकलं असतं, फार विचार केला नसता, चौथं आवडल्या दिवशी ‘पुढे जा’ दाबलं असतं, तर बाबा खरोखरच पुसले गेले असते, माझ्याच हातानं, आणि आपल्याला कधी कळलंही नसतं. हे आठवलं की रस्त्यात चालता चालता मी भिंतीला हात लावून उभी राहते.

हे पत्र मी कशासाठी लिहिलं ते आता सांगते. ग्रंथालयाचं पुस्तक मुदत संपायच्या आत परत पाठवतेय, त्याच्या खिशात तुझा पेनड्राइव्ह आहे, आणि त्यात बाबांची एक्केचाळीसही आहेत, तीनदा मोजली. दुसरा पेनड्राइव्ह माझ्याकडे नाही, त्यामुळे उद्यापासून मी पुन्हा माझ्या खात्यातच. ते चालेल. मला दुसरंच मागायचं आहे. तू त्याला फोन करू नकोस. तू केलास तर तो तुला समजावेल, शांतपणे, तासभर, तू रडशील, त्याला ओरडशील, मग तुम्हा भावंडांत काहीतरी ठरेल, आणि तो आत येऊन मला म्हणेल, छोटीबरोबर बोलणं झालंय, आता तुला काळजी नको. माझं हेही तोच मिटवेल. मला त्याच्यासमोर बसून स्वतः एक प्रश्न विचारायचा आहे, ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे: आतलं खरंच गेलं होतं का, आणि या वेळी त्याच्या थांबण्याकडे मला बघायचं आहे. कधी विचारेन ते सांगता येत नाही. उद्या म्हटलं असतं तर तू कदाचित थांबली असतीस, पण खोटं कशाला लिहू. एकोणीस दिवस मी रोज ‘आज’ म्हणून उठतेय. पुढच्या आठवड्यात विचारेन, की वर्ष जाईल, की विचारणारच नाही, मला माहीत नाही, आणि ते माहीत नसतानाच मी तुला गप्प राहायला सांगतेय. बाबा तुझे, आवाज तुझा, सात वर्षं तुझी गेली. माझ्या भीतीपायी तू का थांबावंस? तू नाही म्हणशील. बहुतेक या ओळीपर्यंत येताना फोन हातात घेतलाही असशील. तरी मागते. तो खाली ठेव, आणि आधी सतरावं ऐक.

तुझीच,
वहिनी